जुन्या रायफलीची पारख

बैल विकत घेताना शेतकरी काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, दहा पावले चालवून पाहतो. एवढ्याने समाधान झाले नाही तर जुंपून पाहतो. विकणारा कितीही शपथा घेवो, "लेकरासारखा वाढवलाय हो!" असे कितीही सांगो, गिऱ्हाईक आपल्या डोळ्यांनी खात्री केल्यावाचून पैसे मोजत नाही. जुनी रायफल घेतानाही नेमके हेच करायचे असते. फरक एवढाच की बैलाचा गुण चालीत दिसतो आणि रायफलीचा गुण कागदावर दिसतो. तो कागद कसा वाचायचा, हे आज सांगायचे आहे.

रायफलीशी खेड्यातल्या माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. शिकारीचे दिवस तर केव्हाच संपले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, आणि ती आली हे बरेच झाले. पण नेमबाजी हा खेळ म्हणून आपल्या मुलखात चांगला रुजला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्यूनिक येथे 50 मीटर रायफल प्रोन या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ब्राँझपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडी या लहानशा गावचे. तेव्हापासून "गुरुजी, आम्हालाही शिकवा" म्हणणारी मुले तालुक्यातालुक्यात भेटतात. एन.सी.सी.त .22 ची रायफल हाताळलेले शिक्षकही पुष्कळ आहेत.

अडचण येते ती पैशाची. परदेशी बनावटीची नवी स्पर्धेची रायफल काही लाखांच्या घरात जाते. म्हणून क्लब आणि खेळाडू वापरलेल्या रायफलीकडे वळतात. इथे खरी मेख आहे. रायफल वाईट निघाली तर पैसे तर जातातच, पण त्याहून मोठे नुकसान होते ते शिकणाऱ्याचे. पोरगा वर्षभर घाम गाळतो, गुण काही वाढत नाहीत, आणि "माझ्या हातातच खोट आहे" असे समजून खेळ सोडून देतो. उलटही होते. चांगली रायफल नवशिक्याच्या हाती पडते, गोळ्या सैरावैरा जातात, आणि "नाचता येईना अंगण वाकडे" या न्यायाने बिचारी रायफल बदनाम होऊन मातीमोलाने विकली जाते. दोष हाताचा की हत्याराचा, हे वेगळे काढता येणे म्हणजेच पारख.

आधी कायद्याची गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे निर्धास्त बोलता येईल. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून रायफल घेता येत नाही, ठेवता येत नाही, विकताही येत नाही. परवानाधारकाला आपले शस्त्र दुसऱ्या हक्कदार माणसाला विकायचे असेल, तर त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर 45 दिवस उलटल्याशिवाय व्यवहार पुरा करता येत नाही. रायफलीवर कोरलेला नंबर आणि परवान्यातला नंबर अक्षरशः जुळतो की नाही, हे पहिल्याच भेटीत पाहावे. जुळत नसेल तर पुढची चाचणी करण्याचे कारणच उरत नाही. चाचणीही व्हायची ती मंजूर चांदमारीच्या मैदानावरच, तिथल्या अधिकाऱ्याच्या देखत. मळ्यात, ओढ्याकाठी किंवा टेकडीआड कदापि नाही. .22 ची गोळी दिसायला चिमुकली, पण ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि दगडावरून किंवा पाण्यावरून उसळूही शकते.

आता रायफल हातात घेऊ. प्रथम बोल्ट उघडून आत काडतूस नाही याची खात्री करायची. मालकाने "रिकामीच आहे" म्हटले तरी आपण पाहायचेच, आणि नळीचे तोंड सदैव निशाणाच्या बाजूला ठेवायचे. मग बोल्ट बाहेर काढून मागच्या बाजूने नळीत उजेड पाहायचा. आत पिळाच्या खोबणी दिसतात. या खोबणींतून जाताना गोळीला गिरकी मिळते. .22 च्या रायफलीत साधारण 16 इंचांत एक पीळ असतो. गोळी सेकंदाला 330 मीटरच्या सुमाराने निघते, म्हणजे तिच्या सेकंदाला आठशेवर गिरक्या होतात. फिरता भोवरा उभा राहतो आणि थांबला की लवंडतो. गोळीचेही तसेच. गिरकी नीट मिळाली तर ती सरळ नाकासमोर जाते.

खोबणींच्या कडा स्वच्छ दिसाव्यात. काळसर खड्डे दिसले तर नळी गंजलेली आहे. एखाद्या जागी नळीच्या आत गोल वर्तुळासारखी काळी छाया दिसली, तर तिथे नळी फुगलेली असण्याचा संभव असतो. केव्हातरी आत अडकलेल्या गोळीमागून दुसरी गोळी झाडली गेली की असे होते. अशी रायफल झाडूच नये. जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर नळीचे तोंड पाहावे. गोळी शेवटचा निरोप घेते ती याच कडेपाशी. तिथे पोचा असला, किंवा साफ करायची सळई वर्षानुवर्षे तोंडाकडून घालून कडा एका अंगाने झिजली असली, तर गोळीला निघता निघताच धक्का बसतो. मग दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का, साइट हलतात का, चाप दरवेळी सारख्याच जोराला सुटतो का, हे पाहावे. सैल स्क्रूमुळे भंगारात निघालेल्या रायफली स्क्रू आवळताच सुधारल्याची उदाहरणे नेमबाजांत पुष्कळ सांगतात. एक लक्षात ठेवा: जुन्या .22 च्या रायफलीचा चाप रिकाम्या घरावर पुन्हा पुन्हा ओढून पाहू नये. आतली पिन घराच्या कडेवर आपटून कड खराब होते.

हे झाले दात आणि खूर पाहणे. आता जुंपून पाहायचे.

चाचणीला सकाळची वेळ चांगली, कारण वारा पडलेला असतो. ताशी 15 किलोमीटरचा आडवा वारा 50 मीटरच्या अंतरात .22 च्या गोळीला अडीच-तीन सेंटिमीटर बाजूला ढकलतो. म्हणजे वाऱ्याची करणी आणि आपण रायफलीच्या नावावर मांडायची! दस्त्याचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवावा, मागचा भागही लहान पिशवीने सावरावा. नळी मात्र पिशवीला टेकू देऊ नये. गोळी जाताना नळीला कंप सुटतो, आणि ती कशाला टेकली असली तर गोळ्या भलतीकडे जातात. काडतुसे एकाच कंपनीची, एकाच लॉटची घ्यावीत. डब्यात उरलेली चार इकडची, चार तिकडची घेऊन चाचणी करणे म्हणजे चार जातींचे बी एका वाफ्यात पेरून उगवण मोजण्यासारखे आहे. नळी साफ करून आणली असेल तर पहिल्या पाच-दहा गोळ्या मोजणीत धरू नयेत. .22 च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते, त्याचा थर नळीत बसला की मग गोळ्या एका रांगेला लागतात. कानांना संरक्षण, डोळ्यांना चश्मा हवाच. एखादे काडतूस उडाले नाही तर घाईने बोल्ट उघडू नये. नळी निशाणाकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण कधी कधी काडतूस उशिरा पेट घेते.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भाताला ती लागू पडते, कारण सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आधणात शिजलेली असतात. रायफलीच्या गोळ्यांचे तसे नसते. प्रत्येक काडतुसात दारू केसभर कमीजास्त असते, प्रत्येक गोळी किंचित वेगळी असते, हाताचा दाबही दरवेळी थोडा निराळा पडतो. म्हणून एकच गोळी झाडली आणि ती मधोमध बसली, तर तीवरून काही सिद्ध होत नाही. विकणारा मात्र तेवढ्यावरच टाळी मागतो! एका वर्षाच्या पावसावरून तालुक्याचे पाऊसमान कोणी ठरवत नाही, तसेच हे.

पाच गोळ्या, एकाच बिंदूवर नेम धरून, सावकाश झाडाव्यात. कागदावर पाच भोके पडतील. या पाचांचा जो पुंजका होतो, त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. पुंजका किती पसरला आहे, ही एक गोष्ट. पुंजक्याचा मध्य निशाणाच्या मध्यापासून किती दूर आहे, ही दुसरी. पसारा हा रायफलीचा, काडतुसांचा आणि हाताचा गुण किंवा दोष आहे. मध्य सरकलेला असणे हा बहुधा केवळ साइटच्या जुळणीचा प्रश्न असतो आणि तो पाच मिनिटांत सुटतो. गोळ्या निशाणाच्या एका कोपऱ्यात, पण दाटीवाटीने बसल्या असतील, तर ती रायफल चांगली समजावी. गोळ्या मध्याभोवती चहूकडे विखुरल्या असतील, तर त्यांतली एखादी अगदी मध्यात बसली तरी भुलू नये.

एक हिशेब करून पाहू. गुरुजींनी फळ्यावर मांडावा असाच आहे. समजा, 50 मीटरवर पाच गोळ्या निशाणाच्या मध्यापासून उजवीकडे 3, 4, 3, 5 आणि 5 सेंटिमीटरवर लागल्या, आणि त्याच गोळ्या मध्याच्या खाली अनुक्रमे 2, 3, 1, 3 आणि 1 सेंटिमीटरवर लागल्या. उजवीकडची बेरीज 20, सरासरी 4. खालची बेरीज 10, सरासरी 2. म्हणजे पुंजक्याचा मध्य उजवीकडे 4 आणि खाली 2 सेंटिमीटर आहे. आता पसारा. सर्वांत दूरची दोन भोके म्हणजे तिसरे आणि चौथे. त्यांच्यात आडवे अंतर 2, उभे अंतर 2, म्हणजे पायथागोरसच्या नियमाने तिरपे अंतर सुमारे 2.8 सेंटिमीटर. प्रत्यक्ष कागदावर मोजताना एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर आपोआप मिळते.

साइट किती सरकवायची? त्रैराशिकच आहे. पुढची आणि मागची साइट यांच्यात 60 सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. निशाण 5000 सेंटिमीटरवर. पुंजका 4 सेंटिमीटर डावीकडे न्यायचा, तर 4 गुणिले 60 भागिले 5000, म्हणजे 0.048 सेंटिमीटर. अर्धा मिलिमीटरसुद्धा पुरा नाही! आणि वर न्यायला त्याच्या निम्मे, पाव मिलिमीटर. मागची साइट ज्या बाजूला सरकवाल त्याच बाजूला गोळी सरकते. पुढची साइट सरकवली तर गोळी उलट बाजूला जाते. ढिल्या साइटला एवढे महत्त्व का, हेही या हिशेबातून कळते. अर्धा मिलिमीटरचा हालता सांधा निशाणावर चार सेंटिमीटरचा घोटाळा करतो.

2.8 सेंटिमीटरचा पुंजका चांगला की वाईट? ते काम पाहून ठरते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 50 मीटरच्या निशाणावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त 10.4 मिलिमीटर असतो. .22 ची गोळी 5.6 मिलिमीटर जाड असते, आणि भोकाची कड वर्तुळाला शिवली तरी पूर्ण दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य निशाणाच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. 28 मिलिमीटर पसरणाऱ्या रायफलीने नेम कितीही अचूक धरला तरी काही गोळ्या नऊवर जाणारच. तो दोष पोराचा नव्हे. बसायची ढब, श्वास रोखणे, चाप हळुवार दाबणे हे शिकण्यापुरती ही रायफल ठीक आहे. जिल्ह्याच्या पुढे खेळायचे असेल तर तिच्यावर मोठी रक्कम घालू नये.

बरे, एका पुंजक्यावरही निकाल देऊ नये. त्याच रायफलीने, त्याच हाताने दोन पुंजके पाडले तरी ते सारखे येत नाहीत. शिवाय गोळ्या जितक्या जास्त तितका पुंजका मोठा, कारण लांब जाणारी एखादी गोळी येण्याचा संभव वाढतो. गणिताने असे दिसते की तीन गोळ्यांचा पुंजका सरासरीने पाच गोळ्यांच्या पुंजक्याच्या चार-पंचमांश भरतो, आणि दहा गोळ्यांचा त्याच्या सव्वापट होतो. रायफल तीच! म्हणून कोणी तीन गोळ्यांचा सुरेख कागद खिशातून काढून दाखवला, तर "छान आहे, आता माझ्यासमोर पाच-पाचाचे चार पुंजके पाडू या" असे नम्रपणे म्हणावे. चारही कागदांवर तारीख, अंतर, काडतुसाचा लॉट आणि वारा लिहून ठेवावा, आणि चौघांची सरासरी धरावी.

इथे मन फसवते ती जागाही सांगतो. चार गोळ्या एकत्र आणि पाचवी दूर गेली की आपण चटकन म्हणतो, "ती माझ्या हातून सुटली, ती धरू नका." नियम असा ठेवावा: गोळी सुटताक्षणी, भोक पाहण्यापूर्वी, "ही हलली" असे मोठ्याने सांगितले असेल तरच ती वगळावी. भोक पाहिल्यावर आठवलेली सबब चालणार नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थी न जुळणारे माप खोडतो तेव्हा गुरुजी जे बोलतात, तेच इथेही लागू आहे.

पुंजक्याचा आकारही बोलका असतो. भोके उभ्या रांगेत पडली, तर काडतुसांचा वेग कमीजास्त आहे किंवा नेमबाजाचा श्वास सावरलेला नाही. दोन वेगळे पुंजके पडले, तर साइट किंवा दस्ता ढिला असण्याचा संशय घ्यावा. गोळ्या एकामागून एक एकाच दिशेने सरकत गेल्या, तर नळी तापून दस्त्याला कुठेतरी टेकत असावी. भोके गोल न पडता लांबट पडली, तर गोळी हवेत कोलांट्या खात आहे. नळी झिजली आहे किंवा काडतूस जुळत नाही. दुसऱ्या लॉटच्या काडतुसांनीही तसेच झाले, तर ती रायफल घेऊ नये.

शेवटी हाताचा आणि हत्याराचा निवाडा. त्याला एक सोपी युक्ती आहे. क्लबमधली जिची खात्री आहे अशी एक रायफल शेजारी ठेवावी. त्याच माणसाने, त्याच लॉटच्या काडतुसांनी दोन्ही रायफलींनी पुंजके पाडावेत. मग दुसऱ्या सरावलेल्या माणसानेही तसेच करावे. खात्रीची रायफल दोघांच्याही हातात दाट पुंजका पाडते आणि नवी घ्यायची ती दोघांच्याही हातात पसरते, तर दोष रायफलीचा किंवा त्या काडतुसाशी तिच्या न जमण्याचा. एक माणूस दोन्ही रायफलींनी पसरतो आणि दुसरा दोन्हींनी दाट मारतो, तर दोष माणसाचा, आणि त्याला औषध सराव. रायफलींना काडतुसांची आवडनिवड असते, हे मात्र खरे. म्हणून नाकारण्यापूर्वी आणखी एक-दोन प्रकारची काडतुसे घालून पाहावीत. ज्वारी न खाणारा बैल कडब्यावर खूश असतो, तसा प्रकार.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. हा धडा शिकवायला रायफल लागतच नाही. अंगणात खडूने एक खूण करा, दहा पावलांवरून मुलांना दहा-दहा चिंचोके टाकायला सांगा, आणि प्रत्येकाचा पसारा आणि सरासरी मध्य मोजून वहीत मांडा. कोणाचा पुंजका दाट पण बाजूला, कोणाचा मध्यावर पण पसरलेला, हे पोरांना आपोआप दिसेल. मग विचारा, "यातल्या कोणाला सुधारणे सोपे?" ज्याचा पुंजका दाट त्याला, कारण त्याने फक्त रोख थोडा बदलायचा आहे. एवढे ज्या मुलाला कळले, तो पुढे रायफल घेवो, पंप घेवो की बियाणे घेवो, एका दाण्यावर भुलणार नाही.